पोरीला आधी दम खायला शिकवा

अमळनेरहून एका वडिलांनी विचारलंय. लेक चौदा वर्षांची, वजन 44 किलो, चार वर्षांपासून टेनिस खेळते. शनिवार-रविवार रेल्वेने जळगावला कोर्टवर येते, बाकीचे दिवस घरामागची भिंत. मागच्या महिन्यात नाशिकच्या एका स्पर्धेत तिने पहिला सेट 6-3 घेतला, दुसऱ्यात 5-2 अशी पुढे होती, आणि तिथून 5-7, 1-6 असा सामना हातचा गेला. तिसऱ्या सेटमध्ये 0-3 वर पोटरीत गोळा आला. तेव्हापासून तिने रॅकेट पिशवीतून बाहेर काढलेली नाही. वडिलांचे प्रश्न असे: स्टॅमिना कमी पडला म्हणून रोज पहाटे पाच किलोमीटर पळवू का? गोळा आला तरी फिजिओला लगेच आत सोडलं नाही, हा अन्याय नव्हे का? आणि पोरीला पुण्याला हलवावं का?

भाऊ, तुम्ही एक काम फार मोलाचं केलंत, ते म्हणजे वहीत प्रत्येक गेमची वेळ टिपून ठेवलीत. बावीस वर्षं मी पोरांना टेनिस शिकवतोय, पण असे पालक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले. बहुतेकांना फक्त स्कोअर आठवतो आणि पंचांनी दिलेला एक चुकीचा कॉल. तुमच्या वहीवरून आणि 5-4 च्या गेमचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पाठवलात त्यावरून माझं मत सरळ सांगतो: पोरीचा दम संपला नव्हता. तिला दम खाता आला नाही. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पाच किलोमीटर पळून दुसरी येत नाही.

वही बघा. दुसऱ्या सेटमध्ये 5-2 होईपर्यंतच्या सात गेमना लागली 24 मिनिटं. पुढच्या पाच गेमना 38. म्हणजे एकेक गेम दुपटीहून लांबला. समोरची पोरगी एकाएकी चांगली खेळायला लागली म्हणून? थोडंफार असेलही. पण व्हिडिओत दिसतं ते वेगळंच आहे. आघाडी मिळाली तशी तुमची लेक चेंडू मारायचं सोडून ढकलायला लागली. चूक होऊ नये म्हणून मधोमध, उंच, आखूड चेंडू. आखूड चेंडू मिळाला की समोरची कोपरे काढणार, आणि ही बेसलाइनच्या मागे दोन हात उभी राहून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात धावणार. पहिल्या सेटमध्ये चार-पाच फटक्यांत संपणारा पॉइंट आता बारा-पंधरा फटक्यांवर गेला. सांभाळून खेळायला गेली आणि तिप्पट पळाली. याला तुम्ही स्टॅमिना कमी पडला म्हणताय.

आता तोच व्हिडिओ घड्याळ लावून बघा, मी तीनदा बघितला. 5-4, सेटसाठी तिची दुसऱ्यांदा सर्व्हिस. पहिला पॉइंट हरल्यावर पुढची सर्व्हिस नवव्या सेकंदाला. मग अकराव्या. मग डबल फॉल्ट, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकल्या, आणि त्यानंतर आठव्या सेकंदाला पुन्हा चेंडू वर. नियम तिला 25 सेकंद देतो. ती एक तृतीयांश वापरतेय आणि उरलेले समोरच्या पोरीला दान करतेय. त्याआधीच्या साइड बदलाच्या वेळी (सेटमधल्या गेमची बेरीज विषम झाली की बाजू बदलतात) तर ती खुर्चीवर बसलीच नाही. उभ्यानेच घटाघट पाणी प्यायली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि निघाली. तिथे हक्काचे 90 सेकंद असतात. 5-2 पासून सेट संपेपर्यंत तिला तीनदा बसायला मिळत होतं, 5-2, 5-4 आणि 5-6 ला, आणि सेट संपल्यावर आणखी 120 सेकंद. ही जेमतेम साडेसहा मिनिटांची विश्रांती सामन्यातच ठेवलेली होती.

या सेकंदांचं एवढं काय, तर ऐका. टेनिसचा सामना दीड तास चालला तरी चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण पाचवा हिस्सा, क्लेवर, म्हणजे मातीच्या कोर्टवर, थोडा जास्त. म्हणजे नव्वद मिनिटांत अठरा-वीस मिनिटं खेळ आणि बाकी सगळं चालणं, चेंडू उचलणं, टॉवेल, बसणं. पॉइंट बहुधा दहा सेकंदांच्या आत संपतो. एवढ्या जोरदार कामाला स्नायूंजवळ आयतं साठवलेलं झटपट इंधन असतं, ते काही सेकंदांत उतरतं आणि उसंत मिळाली की परत भरतं. अर्ध्या मिनिटात साधारण निम्मं, पूर्ण भरायला तीनेक मिनिटं. आता बारा फटक्यांचा पॉइंट खेळून आठव्या सेकंदाला पुन्हा सर्व्हिस केली तर टाकी भरणार कधी? पहिल्या सेटला ती वेळ घेत होती, तुम्हीच लिहिलंय की ‘टॉवेलकडे जाते, तारा नीट करते’. 5-2 नंतर वहीत टॉवेलचा उल्लेखच नाही.

घाई का झाली, तर भीतीने. हरायला लागलं की पोरांना ते लवकर संपवून टाकायचं असतं. मोठ्यांचंही तेच असतं म्हणा. आणि भीती वाटली की आणखी एक गोष्ट होते, ती व्हिडिओत दिसत नाही पण ऐकू येते, किंवा खरं म्हणजे ऐकू येत नाही. फटका मारताना तिचा श्वास सुटल्याचा आवाज पहिल्या सेटला येत होता का, आठवून बघा. 5-4 ला अजिबात नाही. श्वास रोखून पंधरा फटके खेळणं म्हणजे डोक्यावर घागर घेऊन जिना चढण्यासारखं. शेवटी धापा टाकते ती त्यानेच.

गोळ्याचं सांगतो, कारण इथे आपल्याकडे गैरसमज फार. तुम्ही लिहिलंय, ‘दिवसभरात दोन लिटर पाणी आणि चार केळी दिली, तरी गोळा कसा आला?’ रावेर-यावलच्या केळीवर माझंही प्रेम आहे, माझ्या किटबॅगेत कायम असतात. केळ्यातून ताकद मिळते, एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम कर्बोदकं असतात. पण घामातून जातं ते मुख्यतः मीठ, सोडियम. केळ्यात आहे पोटॅशियम, सोडियम जवळजवळ नाहीच. वर नुसतं पाणी पाजत राहिलात म्हणजे अंगातलं उरलेलं मीठही पातळ. गोळा येण्यामागे दोन कारणं सांगतात: एक पाणी-मिठाची तूट, दुसरं थकलेल्या स्नायूला मज्जातंतूंकडून चुकीचे इशारे जाणं. मैदानावर मला दोन्ही एकत्रच दिसतात, आणि त्यात तणाव तेल ओततो.

म्हणून तुमच्या फिजिओच्या तक्रारीचं उत्तरही इथेच देतो. अन्याय नव्हता. दुखापतीला मेडिकल टाइमआउट, म्हणजे उपचारासाठी खेळ थांबवून वेळ, मिळतो, गोळ्याला मिळत नाही. गोळा आला तर खेळत राहायचं किंवा साइड बदलेपर्यंतचे पॉइंट सोडून द्यायचे, उपचार साइड बदलतानाच. मोठमोठ्यांनाही सूट नाही. जून 2023 मध्ये पॅरिसला फ्रेंच ओपनच्या उपांत्य सामन्यात स्पेनचा अल्काराझ सर्बियाच्या जोकोविचशी एक-एक सेटने बरोबरीत होता. तिसऱ्या सेटमध्ये 1-1 वर गोळे आले, उपचार लगेच हवेत म्हणून त्याला एक आख्खा गेम सोडावा लागला, आणि तो सेट आणि त्यापुढचा, दोन्ही 1-6, 1-6 असे गेले. वीस वर्षांचा, जगातला पहिल्या क्रमांकाचा, अंगाने घोड्यासारखा पोरगा. नंतर त्याने स्वतःच सांगितलं की सामन्याच्या ताणामुळे गोळे आले. आणि पुढे 16 जुलैला विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात त्याच जोकोविचला त्याने पाच सेटमध्ये, पावणेपाच तासांच्या आसपास खेळून हरवलं. पाच आठवड्यांत कुणाची फुप्फुसं नवी होत नाहीत, भाऊ.

पण ताण ताण म्हणून शरीराकडे दुर्लक्ष करू नका. दोन गोष्टी आधी तपासा.

पहिली, हिमोग्लोबिन. चौदा वर्षांची मुलगी, पाळी सुरू झालेली, रोज खेळणारी, आणि ‘लवकर थकते’. अशा मुलीच्या कोचने सगळ्यात आधी रक्त तपासायला सांगायला पाहिजे, आणि मी स्वतः बरीच वर्षं सांगितलं नाही, हे कबूल करतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. तिचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर कुठलाही व्यायाम लागू पडणार नाही, आधी डॉक्टर. लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. शक्य असेल तर त्यांना फेरिटिनचंही, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याच्या तपासणीचंही, विचारा. पाळीच्या तारखा तिच्या आईने त्याच वहीत मागच्या पानावर लिहाव्यात, तुमच्या आणि माझ्याशी त्यावर बोलायची पोरीवर वेळ येऊ नये.

दुसरी, ऊन. आपण खान्देशातली माणसं, मे महिन्यात 44-45 अंश आपल्याला नवे नाहीत, त्यामुळे आपली पोरं उन्हाला पक्की असतात असं सगळेच धरून चालतात. मग तुमची पोरगी सराव कधी करते? सकाळी सहा ते आठ. सामना किती वाजता होता? दुपारी एकला. शरीराला उन्हात खेळायची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि ती उन्हात थोडं थोडं खेळूनच होते, जळगाव जिल्ह्यात जन्मल्याने नव्हे. स्पर्धेच्या दोन आठवडे आधीपासून सरावाचा काही भाग उशिरा न्या. पहिले दोन दिवस नऊनंतर वीस मिनिटं, मग हळूहळू वाढवत अकरापर्यंत. मेमध्ये भर दुपारी दोनला पोरीला कोर्टवर उभं करायचा शहाणपणा मात्र नको. चक्कर, उलटी, बोलण्यात गोंधळ, अंग तापलेलं असं काही दिसलं तर सामना गेला खड्ड्यात: सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, दवाखाना गाठा.

पाण्याचं माप घरच्या घरी काढता येतं. सरावाआधी आणि नंतर, घाम पुसून, कमी कपड्यात वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर गेलं, मधे प्यायली ते वेगळं धरा. 44 किलोच्या मुलीचं 900 ग्रॅमच्या आसपास घटलं की ते दोन टक्के होतात, आणि तिथून खेळ घसरायला लागतो. दोन तासांच्या उन्हातल्या सामन्यात ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण टाकून न्या. अर्ध्या लिटरमध्ये ‘कडक’ करू नका, आणि डब्यातलं गोड रंगीत पेय म्हणजे ओआरएस समजू नका. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दर साइड बदलाला चार-पाच घोट, बसून. घटाघट नाही.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही, तुमच्या घरात मला विचारून स्वयंपाक होत नसतो. एवढंच की नाशिकला जाताना रात्रीच्या एसटीने, धुळ्याला ढाब्यावर थांबून झणझणीत शेवभाजी, सकाळी नुसता चहा-बिस्किट, हे तुम्हीच लिहिलंय. शेवभाजी जिंकून आल्यावर. सामन्याच्या आदल्या रात्री आणि त्या दिवशी तीनेक तास आधी वरण-भात-तूप किंवा साधी खिचडी, मीठ हात आखडून नको. भरीत आणि कळण्याची भाकरी मला जिवापाड आवडते, पण ती सरावाच्या दिवसांत. सामना संपल्यावर अर्ध्या-पाऊण तासात दूध-केळी आणि एखादा शेंगदाण्याचा लाडू. आणि जमलं तर एक दिवस आधी पोहोचा. एसटीच्या सीटवर झोपून आलेल्या पोरीकडून तिसरा सेट मागणं बरं नव्हे.

आता पाच किलोमीटर. मी हे पाप केलेलं आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी एक मुलगा असाच तिसऱ्या सेटमध्ये हरला. मी रागारागात त्याला महिनाभर रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पळवलं. वय वाढीचं, सहा महिन्यांत दोन इंच उंची वाढलेली. तिसऱ्या आठवड्याला गुडघ्याखालचं हाड दुखायला लागलं, मग दोन महिने बंद. परत आला तेव्हा पळायला पक्का झाला होता आणि कोर्टवर आधीपेक्षा सुस्त. एका लयीत सरळ पळणं आणि तीन पावलांत थांबून उलटं फिरणं, यांचा फारसा संबंध नाही. वर त्याने पळणं म्हणजे हरल्याची शिक्षा असंच डोक्यात घेतलं. बारावीनंतर त्याने टेनिस सोडलं. मला भेटला की नमस्कार करतो, पण कोर्टकडे बघत नाही.

तर पळणं आठवड्यातून एकदा, बोरी नदीच्या काठाने मातीवर, पंचवीस-तीस मिनिटं, मैत्रिणीशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने. त्याने मूळ बैठक तयार होते, दोन पॉइंटमध्ये श्वास लवकर खाली येतो. बाकीचं काम सामन्याच्या तालावर. भिंत आहे ना तुमच्याकडे? भिंतीसमोर दोन कोपऱ्यांना दोन विटा ठेवा. बारा-पंधरा सेकंद पूर्ण जोरात, एका विटेपासून दुसऱ्या विटेपर्यंत हलत फटके. मग 25 सेकंद. तुम्ही मोठ्याने मोजा. या 25 सेकंदांत तिने काय करायचं ते ठरलेलं: भिंतीकडे पाठ. रॅकेट डाव्या हातात, म्हणजे उजवी मूठ सुटते. तारांकडे बघत चार पावलं. नाकाने श्वास आत, तोंडाने सावकाश बाहेर, आत घेतला त्याच्या दुप्पट वेळ. मग टॉवेल. मग वळून, पुढची सर्व्हिस कुठे टाकायची ते स्वतःशी पुटपुटायचं. मग चेंडू टप्पे, आणि सर्व्हिस. असे सहा पॉइंट झाले की 90 सेकंद खुर्चीवर बसायचं. उभं राहायचं नाही, मोबाइल नाही, पाठ टेकून. असे सुरुवातीला चार ‘गेम’, महिन्याभरात आठ. आठवड्यातून तीनदा पुरे. फटका मारताना ‘हऽ’ असा श्वास सोडायला सांगा, लाजेल, घरामागे कोण ऐकतंय.

पहिले आठ दिवस तिला हे सगळं बिनकामाचं वाटेल. पोरांना पळायला सांगितलं तर पळतात, थांबायला सांगितलं तर चुळबुळतात. माझ्याकडच्या एका मुलीला 25 सेकंद उभं राहायला शिकायला तिच्या बॅकहँडपेक्षा जास्त दिवस लागले.

शनिवार-रविवारी कोर्टवर मी काय करून घेईन, तर सेट 5-2 पासूनच सुरू करायचे. कधी ती पुढे, कधी मागे. आणि अट एकच, पुढे असताना आखूड चेंडू मधोमध टाकला तर पॉइंट समोरच्याचा. हरेल बऱ्याचदा. हरू द्या. 5-2 ही तिच्यासाठी भुताची जागा झालीय, तिथे रोज जाऊन बसल्याशिवाय भूत जाणार नाही.

एकूण तास मोजा मात्र. आठवड्याचा सगळा व्यायाम धरून जितकं वय तितके तास, म्हणजे चौदा, त्यापुढे जाऊ नका, आणि एक पूर्ण दिवस सुट्टी. शाळा, प्रवास, क्लास हेही शरीरालाच ओढावं लागतं.

पुण्याचं विचारलंत. आत्ता नको. हरल्यावर घर बदललं की पोरीला वाटतं, आपल्या एका सामन्यामुळे आईबाप विस्थापित झाले. ते ओझं 44 किलोच्या अंगावर फार होतं. पुण्यात कोर्ट जास्त, सामने जास्त, रोज खेळायला तोडीची पोरं, हे सगळं खरं आहे. आपल्याकडे ते नाही, यात खोटं बोलण्यात अर्थ नाही. म्हणून सुट्टीत दहा-पंधरा दिवस तिकडे एखादं शिबिर किंवा ओळखीच्यांकडे राहून सराव सामने, एवढं करा. सोळाव्या वर्षी ती स्वतः म्हणाली तर बघू. तुम्ही म्हणालात तर नाही.

रॅकेट पिशवीतच आहे म्हणालात. राहू दे अजून चार-सहा दिवस. तिला विचारू नका, पिशवी समोर आणून ठेवू नका, आणि पाहुण्यांसमोर ‘जिंकलेला सामना घालवला’ हे वाक्य तर चुकूनही नको. एक प्रश्न मात्र विचारावा वाटतो: नाशिकहून परतताना एसटीत तुम्ही दोघं किती वेळ त्या सामन्यावर बोललात? तुमच्या पत्रातलं एक वाक्य आहे, ‘मालेगावपर्यंत मी तिला समजावत होतो’. मालेगावपर्यंत, भाऊ! गोळा आलेल्या पायाने बसलेली होती ती. पुढच्या वेळी बसमध्ये शेंगा खा, खिडकीतून बाहेर बघा, सामन्याचा विषय तिने काढला तरच. आणि तो दोन दिवसांनी निघतो, सहसा जेवताना, काही संबंध नसताना. तेव्हा वही उघडायची आणि फक्त 24 मिनिटं आणि 38 मिनिटं हे दोन आकडे दाखवायचे. काय झालं ते तिलाच सांगू द्या, चौदा वर्षांची पोरगी आहे, बरोबर सांगेल.

हिमोग्लोबिनचा रिपोर्ट आला की कळवा. आणि पुढची स्पर्धा होईल तेव्हा वहीत एक रकाना वाढवा: तिच्या प्रत्येक सर्व्हिसच्या गेममध्ये दोन पॉइंटमधले सेकंद. स्कोअर नाही लिहिला तरी चालेल, सेकंद तेवढे पाठवा.